चीनचा कप्पा

मॅट्रिक झाल्यावर मी सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून एका मडमबाईंचं काम माझ्याकडे आलं. त्या चीनमध्ये बरीच वर्षं राहून आलेल्या. त्यांना चिनी बोलीचं छोटं पुस्तक इंग्रजी अक्षरांत छापायचं होतं. शब्दाचा सूर कळावा म्हणून अक्षरांवर तिरक्या रेघा आणि टोप्या हव्या होत्या. तसे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, नसतील तर काम मुंबईला जाणार होतं.

खिळे जुळवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या कंपोझिटर काकांना तो अपमान वाटला. मराठीच्या मात्रा अक्षरांवर वेगळ्या बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तीच मात्रा इंग्रजी अक्षरावर बसवली. चंद्र उलटा केला, टोपी झाली. उरलेलं कानशीनं घासून केलं.

प्रूफ पाहून मडमबाई हरखल्या. "हे खिळे कुठून आणले?"

एरवी माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण म्हणाले, "खास मागवलेत."

"मग उद्या बघायला येते."

त्या गेल्यावर मी काकांना सगळं सांगितलं. "ताई, खोटं तुमी बोलायचं आनि निस्तरायचं आमी व्हय?" असं म्हणत त्यांनी माझ्याकडून एका चिठ्ठीवर इंग्रजीत 'चीन' लिहून घेतलं आणि ती चिठ्ठी मात्रांच्या कप्प्यावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मडमबाईंनी चष्मा लावून एक मात्रा उजेडात धरली आणि समाधानानं परत ठेवली.

ती चिठ्ठी पुढे कुणी काढली नाही. लग्नपत्रिकेचे खिळे जुळवताना काका मला ऐकू जाईल असं म्हणत, "थांबा, चीनमधनं चार मात्रा आनतो की."