न मोडलेला पाय

मथुरा सिस्टरच्या एप्रनच्या खिशात शिंप्याची टेप असते, हे नोकरीला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या आठवड्यातच कळतं. मग हसणं होतं. ‘सिस्टर, माझ्या ब्लाउजचं माप घ्या ना!’ मथुरा हसत नाही, रागावतही नाही. ऑपरेशन होऊन पडून असलेल्या पेशंटच्या दोन्ही पोटऱ्यांवर ती बॉलपेननं खूण करते, तिथला घेर मोजते आणि आकडे चार्टवर लिहिते. रोज. रत्नागिरीत तिची सव्वीस वर्षं नोकरी झाली, त्यातली तेवीस या टेपसकट.

आधीच्या तीन वर्षांत टेप नव्हती. तेव्हा देवरूखकडचे एक मास्तर वॉर्डात होते, पाय प्लास्टरमध्ये. ‘सिस्टर, पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतं,’ असं म्हणाले. मथुरानं ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ड्यूटी संपवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मास्तर बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. पायात धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन बसली होती. तिला कुणी बोल लावला नाही. उलट रजिस्टर बघून मेट्रनबाई म्हणाल्या, ‘तू लिहिलंयस ना, मग तुझ्यावर काही येत नाही.’ हे वाक्य अजूनही तिला आमटीत मीठ घालताना मध्येच आठवतं, आणि मग मीठ घातलं की राहिलं ते आठवत नाही.

त्या मंगळवारी ती सकाळी आठला ड्यूटीवर आली तेव्हा काळबादेवी गावच्या आवडाबाईंच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. मासळीची टोपली उतरवताना जेटीवर घसरून त्यांचा उजवा खुबा मोडला होता. बासष्ट वर्षांची बाई, पण आवाज असा की वॉर्डात त्यांना शोधावं लागत नसे. आज खोलीतून दुसराच आवाज येत होता.

“जोर लाव गो मनस्वी. मोबाईलवर बोटं फिरवतेस तशी काय फिरवतेस?”

बोलत होती ती आवडाबाईंची मुलगी हेतल. ती खुर्चीत बसली होती. सून मनस्वी पायथ्याशी वाकून उभी होती, कोपरापर्यंत खोबरेल तेलाचे हात, आणि दोन्ही अंगठ्यांनी सासूची डावी पोटरी खालून वर दाबत नेत होती. उजव्या, मोडलेल्या पायाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंना उशा होत्या.

“थांबा,” मथुरा म्हणाली. “हात काढा.”

मनस्वीनं चटका बसल्यासारखे हात काढले.

“ऑपरेशनचा पाय नाय वो हा,” हेतल म्हणाली. “चांगला आहे तो. दोन रात्री आई कण्हतेय. सुनेनं पाय नाय चेपायचे तर काय आयांनी चेपायचे?”

“मावशी, कधीपासून दुखतोय?” मथुरानं विचारलं.

“परवापासून,” आवडाबाई म्हणाल्या. “मोडलाय तो गपगुमान पडलाय, आणि हाच बोंबलतोय. पडून पडून अवघडला असेल.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तुला किती सांगायचं बाय? तुला काय मी एकटीच आहे?”

मथुरानं टेप काढली. उजवी पोटरी साडेतेहेतीस सेंटिमीटर. डावी साडेसदतीस. तिनं पुन्हा मोजलं. तेवढीच. हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श केला तर डावा पाय गरम लागला. मग तिनं चार्ट उघडला. नाडी परवा अठ्ठ्याऐंशी, काल शहाण्णव, आज पहाटे एकशे आठ. ताप नाही. एकेक आकडा वेगळा वाचला तर कुणाचंही लक्ष जाऊ नये असा. रक्त पातळ ठेवायचं पोटातलं इंजेक्शन रोज दिल्याची सही होती. पण कालच्या मापाची चौकट रिकामी होती, आणि कालची दुपारची ड्यूटी तिचीच होती. काल ड्यूटी सुटायच्या वेळी अपघाताचे दोघं जण आले, त्या धावपळीत ती टेप घेऊन इथे आली तेव्हा आवडाबाई म्हणाल्या, ‘रोज माप घेतेस, परकर शिवणार आहेस काय माझा?’ ती हसली, ‘उद्या घेते,’ म्हणाली आणि तशीच गेली.

तिनं चार्ट मिटला.

“पाय हलवायचा नाही. उठवायचं नाही. कुणीही, अगदी व्यायामवाले आले तरी,” तिनं नव्या मुलीला, आरोहीला, दारात उभं केलं. “बाथरूमलासुद्धा नाही. भांडं दे. ऑक्सिजनचं सिलिंडर आणून ठेव.”

साडेदहाला व्यायामवाले त्यांना पहिल्यांदा उभं करणार होते. नऊ वाजून गेले होते.

ज्युनिअर डॉक्टर गौरव फोनवर म्हणाला, “सिस्टर, थोडी सूज असतेच. सर थिएटरमध्ये आहेत. दुपारी सोनोग्राफी करून घेऊ.”

“लिहून ठेवू का?” असं विचारायची सवय तिच्या जिभेवर होती. ती तिनं गिळली.

“डॉक्टर, सूज ऑपरेशनच्या पायाला नाही, दुसऱ्या पायाला आहे. चार सेंटिमीटरचा फरक आहे. पाय गरम आहे. नाडी तीन दिवस चढतेय आणि ताप नाही. आज सकाळी तोच पाय चेपलाय त्यांनी. मला गुठळीची शंका आहे. तुम्ही आत्ता वर या. येत नसाल तर मी थिएटरच्या दारात जाऊन सरांना सांगते.”

“येतो,” गौरव म्हणाला.

तो जिन्यात असतानाच आरोहीनं हाक मारली.

आवडाबाई उशीवरून अर्ध्या उठल्या होत्या. “मला वारा घाला,” त्या म्हणाल्या, पण पंखा तर फिरतच होता. कपाळावर घाम, ओठांची कड निळसर. बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन फक्त पंच्याऐंशी. नाडी एकशे तीस. मथुरानं पलंगाचं डोकं वर केलं, मास्क बसवला, ऑक्सिजन पूर्ण सोडला. सलाइनची सुई सुरू आहे ना ते तपासलं. एका हातानं त्यांचा खांदा धरून ठेवला, कारण त्या उतरायला बघत होत्या.

“काय झाला? काय झाला हिला?” हेतल ओरडली.

“बाहेर थांबा. दोघीही.”

गौरव धावत आला आणि त्यानं एकदाच यंत्राकडे बघितलं. मग कुणाला काही समजवावं लागलं नाही. सर थिएटरातून हिरव्या कपड्यांत आले. ऑपरेशनची जखम ताजी, रक्त पातळ करणारं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर तिथून रक्त वाहायची भीती, न दिलं तर ही बाई जाणार. त्यांनी दिलं. अकराच्या आत पलंग आयसीयूत गेला.

मथुराची ड्यूटी दोनला संपली. ती घरी गेली नाही. आयसीयूबाहेरच्या बाकावर हेतल फोनवर बोलत होती. भाऊ रूपेश, म्हणजे मनस्वीचा नवरा, बोटीवर होता, त्याला रेंज नव्हती, म्हणून ती गावातल्या एकेकाला सांगत होती. “काय सांगू मावशी, सुनेनं सकाळी पाय चेपले आणि तासाभरात हे. हो, हिनंच. दुसऱ्या कुणी नाय.”

मनस्वी बेसिनपाशी होती. साबण लावून हात धूत होती, धुऊन झाले की वास घेत होती आणि पुन्हा साबण लावत होती.

“सिस्टर,” तिनं आरशातच बघत विचारलं, “माझ्यामुळं झालं?”

मथुराला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ते खरं की खोटं, हे कुणाला कधी कळणार नव्हतं. ती बाकापाशी गेली आणि हेतलला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलली.

“चेपल्यानं गुठळी होत नाही. ती दोन दिवस आधीच धरलेली होती. चेपल्यानं सुटली का, ते मला सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही. पण पडलेल्या माणसाचा दुखरा पाय चेपू नका, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायचं काम माझं होतं. मी मोडलेल्या पायाचं सगळं सांगितलं. ह्याचं सांगितलं नाही. आणि काल माप घ्यायचं होतं, तेही राहिलं.”

हेतलनं फोन कानावरून काढला. “म्हणजे चूक तुमची?”

“ती माझी.”

मागे गौरव फाइल घेऊन उभा होता. “सिस्टर, असं काय बोलताय नातेवाइकांसमोर?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “उद्या हे लोक तक्रार लिहून देतील.”

“देऊ देत.”

बोलून झाल्यावर ती बाकाच्या टोकाला बसली. हेतल आता काय करेल, आरडाओरडा करेल की माणसं बोलावेल, याचा तिला अंदाज येईना. हेतल नुसती हातातल्या फोनकडे बघत होती. त्यातून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. तिनं तो बंद केला.

“जोर लाव, मीच बोलले होते,” ती खाली बघून म्हणाली.

दार उघडलं. एकच नातेवाईक, पाच मिनिटं, असं आतली सिस्टर म्हणाली.

“तू जा,” हेतल मनस्वीला म्हणाली. “मला बघवणार नाय.”

मथुरा तिला घेऊन आत गेली. आवडाबाई मास्कखाली डोळे मिटून होत्या. मनस्वी पलंगापासून दोन हात लांब उभी राहिली, हात पाठीमागे. आवडाबाईंनी डोळे उघडले, तिला बघितलं आणि मास्क बाजूला केला.

“रूपेश आला?”

“उद्या येतील.”

“जेवलीस काय तू?”

“मावशी, बोलायचं नाही,” मथुरानं मास्क पुन्हा बसवला. मग मनस्वीचा हात पाठीमागून पुढे ओढला आणि सलाइन नसलेल्या हातावर ठेवला. “इथे धरा. घट्ट धरलंत तरी चालेल.”

मनस्वीनं घट्ट धरलं नाही, पण सोडलंही नाही. सर म्हणाले होते, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. मथुरा पलंगाच्या कडेला उभी राहून पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत राहिली. त्र्याण्णव. एक्याण्णव. त्र्याण्णव.