एक्केचाळीस सेकंदांचा मेसेज
जाड जॅकेटच्या खिशात आज क्रूझच्या वायफायचं कार्ड सापडलं आणि डेकवरचा डिझेलचा वास पुन्हा नाकात शिरला. तेव्हा जर्मनीतल्या कील बंदराला परतायला एक दिवस उरला होता. सकाळीच आईचे पाच व्हॉइस मेसेज आले. पुण्यात ती आणि बाबा दोघंच, आणि तिला टाइप करता येत नाही. नेट इतकं मंद की एकही मेसेज उघडेना. नुसते सेकंद दिसायचे. शेवटचा एक्केचाळीस सेकंदांचा. इतकं ती कधीच बोलत नाही. "काय झालं गं?" मी लिहीत राहिले, फोन लावत राहिले, लागेचना. रिसेप्शनवर नेटचं मोठं पॅकेज मागताना रडूच कोसळलं. "आल्झो, हे बघा, समुद्रावर असंच असतं," तिथली जर्मन बाई म्हणाली. बोचऱ्या वाऱ्यात फोन उंच धरून मी दिवसभर वेड्यासारखी डेकवर फिरले. दुसऱ्या दिवशी बंदर दिसलं, तसा आधी मावशीचा फोन आला. ऑपरेशन चालू असतानाच बाबा गेले होते. मेसेज त्यानंतर उघडले. शेवटचा आज पुन्हा लावला. आई घाईघाईने सांगतेय, "बाबांना आत नेताहेत गं, तुझा आवाज ऐकायचाय त्यांना, पटकन बोल काहीतरी," आणि मागून बाबा म्हणताहेत, "अगं, राहू दे. फिरायला गेलीय ती."