मुकादमासह खोली हवी

तिने त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते चिडूनच. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. चौथ्या मजल्यावर राहून शाळांचे गणवेश शिवायची. दुरुस्त करून आणलेलं शिलाई मशीन हमाल तळमजल्यावर टेकवून निघून गेला होता, आणि लिफ्टच्या दाराला एक किडकिडीत माणूस कुलूप लावत होता.

"थांबा, मला वर जायचंय," ती म्हणाली.

"ही लिफ्ट आजपासून बंद."

"सकाळी तर चालत होती."

"सकाळीही चालायला नको होती." त्याने कुलूप ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली, मशीनकडे एक नजर टाकली आणि बाह्या वर सारल्या. चार मजले त्याने ते मशीन एकट्याने वाहून नेलं. प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबायचा आणि तेवढ्यात लिफ्टचा एकेक दोष सांगायचा. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर त्याने मशीनचं चाक फिरवून पाहिलं. "दुरुस्ती नीट झालेली नाही. पट्टा सैल आहे."

पट्टा खरंच सैल होता. तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचाच. पुढच्या वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं. बोलणी करायला आला तेव्हा त्याने तिच्या वडिलांना स्वतःहून सांगितलं होतं की आपण घोरतो, आपल्याला पोहता येत नाही आणि आपल्या घराण्यात तिशीतच टक्कल पडतं. वडील नंतर तिला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण याला घेऊन दुकानात जाऊ नकोस."

लिफ्ट तपासनिसाच्या नोकरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. गावभर त्यांना कुलूपवाले म्हणत. ते इमारतीत शिरले की सोसायटीच्या सेक्रेटरीला अचानक बाहेर काम निघायचं. दोष दिसला की तो आधी सांगायचा, ज्याला ऐकायचा नसेल त्याला तर हमखास सांगायचा, अशी त्यांची रीत होती. त्यांनी पास केलेल्या एकाही लिफ्टमध्ये कधी कुणाला खरचटलंही नाही, हे ती मान्य करायची. पण लिफ्टला लावायचा नियम माणसांना, पाहुण्यांना आणि तिने केलेल्या आमटीलाही लावायचा का, हा तिचा प्रश्न चौतीस वर्षं तसाच राहिला.

कुत्राही त्यांना लिफ्टखालच्या खड्ड्यातच सापडला होता, ओल्या जळमटांत बसलेला. कुणी काम करू लागलं की समोर बसून टक लावून बघायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. आता तो अकरा वर्षांचा होता. मागचे पाय जिना चढायचे नाहीत. एकदा त्याला चार दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं, तर चारही दिवस अन्नाला शिवला नाही.

अडचण सुरू झाली ती मुलीच्या बाळंतपणापासून. जावई बोटीवर, अजून दोन महिने तरी परत येणार नव्हता. डॉक्टरांनी मुलीला आठव्या महिन्यापासून पडून राहायला सांगितलं. सात तासांवरचं शहर, दीड खोलीचं घर, त्यात मुलीला कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची. मुलगी म्हणाली, "आई, तू एकटी ये ना." पण गेल्या वर्षी छातीत दुखून कुलूपवाले तीन दिवस इस्पितळात होते. त्यांना एकटं सोडून जायला तिचं मन धजत नव्हतं. म्हणजे जायचं तर तिघांनी, आणि राहायचं मुलीच्या घराजवळ कुठेतरी, कुत्र्याला घेतील अशा ठिकाणी. तेही लवकर, कारण मुलगी तिथे एकटी पडून होती आणि रोज फोनवर "मी ठीक आहे" असं म्हणत होती. ते ऐकलं की हिचा जीव आणखीच खालीवर व्हायचा.

तिने फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या लॉजने चक्क हो म्हटलं.

"लहानसाच आहे हो," ती सांगत होती, "म्हातारा झालाय, एका जागी पडून असतो."

कुलूपवाल्यांनी तिच्या हातातून फोन घेतला. "लहान नाही. एकतीस किलो वजन आहे. दुपारी घोरतो. गणवेश घातलेल्या माणसावर भुंकतो. आणि पावसात भिजला की वास येतो."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, तुम्ही कुत्र्याला खोली शोधताय की कुत्र्यावर गुन्हा नोंदवताय?"

"उद्या त्यांना कळणारच ना? मग आजच कळू दे."

दुसऱ्या ठिकाणी त्यांनी विचारलं की तुमच्याकडे आधी प्राणी राहून गेलेत का, गेले असतील तर गाद्या बदलल्या का. तिसऱ्या ठिकाणी आगीच्या वेळी बाहेर पडायचे रस्ते किती, हे विचारलं. चौथ्या ठिकाणच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही घरीच का राहत नाही?" तिला तो माणूस फार आवडला.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी ती पिशवी घेऊन भाजीला म्हणून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून तिने एक फोन केला. मुलीच्या घरापासून दहा मिनिटांवर एक लॉज होतं. मालकीण म्हणाली, "एक कुत्रा ना? चालेल. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे, लिफ्ट आहे." तिने लगेच हो म्हटलं आणि भाजी न घेताच घरी आली.

भाड्याच्या गाडीतून ते तिघं दुपारी तीनला लॉजवर पोचले. ती काउंटरवर नाव लिहीत होती. मागे वळून पाहते तर कुलूपवाले नाहीत. मुकादम चार पिशव्यांजवळ बसून रखवालदाराच्या गणवेशाकडे बघत होता, अजून भुंकला नव्हता. लिफ्टची केबिन तर समोर तळमजल्यावरच उभी होती. म्हणजे छातीचं दुखणं असलेला हा माणूस जिन्याने वर गेला होता. तिने डोळे मिटले.

खाली आले तेव्हा ते धापा टाकत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "आज नको. आजचा एक दिवस तुम्ही निवृत्त राहा. हात जोडते."

पण ते काउंटरपाशी पोचलेही होते. "बाई, तुमच्या लिफ्टचं तिसऱ्या मजल्यावरचं दार केबिन खाली असतानाही उघडतं. आत सरळ खड्डा आहे. ती आत्ता बंद करा. आणि आमचा कुत्रा एकतीस किलोंचा आहे, तुम्हाला सांगितलं नसेल."

लिफ्टजवळ बॅगा घेऊन उभं असलेलं एक जोडपं एक पाऊल मागे सरकलं. मालकीण उठून उभी राहिली.

"दहा वर्षं चालतेय लिफ्ट. तुम्ही राहायला आलात की धाड घालायला?"

"दहा वर्षं चालली हे तुमचं नशीब."

"समजलं मला. तळमजल्याची खोली हवी म्हणून हे नाटक. माझ्याकडे ही नाटकं चालत नाहीत. उचला त्या पिशव्या."

नेमका त्याच वेळी मुकादम रखवालदारावर भुंकला.

ते बाहेर फुटपाथवर आले, आणि तिचा फोन वाजला. मुलीची शेजारीण होती. कळा सुरू झाल्या होत्या, तीन आठवडे आधीच. ती मुलीला घेऊन इस्पितळात निघाली होती.

तिने पिशव्यांकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. एवढ्या वर्षांत बोलायचं राहिलेलं खूप काही होतं, पण वेळ नव्हता. "मी जाते. तुम्ही आणि तुमचा मुकादम काय ते बघा. गोळी घ्या वेळेवर." असं म्हणून तिने रिक्षाला हात केला.

ती वेळेवर पोचली. संध्याकाळी सातला मुलगी झाली, लहानखुरी पण खणखणीत रडणारी. बाळंतिणीने आईचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले. तिने नवऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "छान झालं. आमची सोय झालीय. लॉजवरच आहोत." आणखी विचारायची तिची इच्छाच नव्हती. त्या लॉजच्या दारातच बसून असणार, याची तिला खात्री होती.

सकाळी ती लॉजवर गेली. मालकीण काउंटरवर होती, डोकं धरून.

"तुमचे मिस्टर," ती म्हणाली, "काल समोर पिशव्यांवर बसले ते हलेनात. जो आत येईल त्याला सांगायचे, तिसऱ्या मजल्यावर आधी आत बघा, मगच पाय टाका. तीन गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी म्हटलं, यांना खोटं पाडते आणि घालवून देते. वर गेले, दार ओढलं." तिने डोक्यावरचा हात खाली घेतला. "माझे वडील त्या मजल्यावर राहतात. त्यांना एका डोळ्याने दिसत नाही. रोज त्याच दाराने ये-जा करतात."

तिने लिफ्टकडे वळून पाहिलं.

"मग लिफ्ट बंद केलीत?"

"मी कुठली करते? त्यांनी कुलूप आणलं होतं. पिशवीतून काढलं. मुलीच्या बाळंतपणाला जाताना कुलूप कोण घेऊन जातं हो?"

"हे जातात," ती म्हणाली.

चादरी ठेवायची तळमजल्यावरची खोली रिकामी करून दिली होती. मेहेरबानी म्हणून नव्हे, असं मालकिणीने दोनदा बजावलं. दुरुस्तीवाले तिला बाईमाणूस म्हणून गुंडाळतात, त्यांच्या डोक्यावर उभं राहायला कुणीतरी हवं होतं. रखवालदाराने मात्र गणवेश उतरवायला साफ नकार दिला. तो मागच्या दाराने ये-जा करू लागला. जाता-येता दोघांनाही ऐकवायचा, कुत्र्यालाही आणि कुलूपवाल्यांनाही.

ती खोलीत शिरली तेव्हा कुलूपवाले चादरींच्या कपाटाची एक फळी हलवून बघत होते.

"नातीचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

"सव्वादोन किलो. आणि आधीच सांगते, तिच्यात काही दोष नाही."

"कमी आहे," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

दुरुस्तीवाल्यांचं काम त्यांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरची गिऱ्हाइकं जिना चढताना कुणाच्या नावाने खडे फोडतात, हे आता ती विचारत नाही. जावई बोटीवरून आला, आठ दिवस राहून पुन्हा गेला. नात दोन महिन्यांची झाली आहे, आणि त्यांनी लॉजमधली चादरींची खोली आणखी एका महिन्यासाठी घेतली आहे. ती सकाळी आठला मुलीकडे जाते. कुलूपवाले मुकादमाला फिरवून आणतात, शर्ट बदलतात, अकराला मुलीकडे पोचतात आणि नातीला तासभर मांडीवर घेऊन बसतात.