मुक्ताची पहिली बातमी

बालवाडीच्या दारात मुक्ता सँडलचा पट्टा लावत बसली होती. मी मदतीला वाकले, तर माझा हात बाजूला सारून म्हणाली, "मी लावते." जूनमध्ये याच दारात तिच्या मुठीतून माझी ओढणी सोडवायला बाईंना यावं लागायचं. आता फेब्रुवारी. मुलगी जेमतेम तीन वर्षांची.

पट्टा लागला एकदाचा. स्कूटरवर माझ्यापुढे उभं राहून ती सांगू लागली, "आज ओम रडला. मग मी त्याला माझा लाडू दिला. अर्धा."

हे मला माहीतच नव्हतं. चिऊ उडाली, दूध सांडलं, बाबा आला. आजवर ती जे जे बोलली, ते सगळं मीही तिच्या शेजारी बसून पाहिलेलं असायचं. मी आपली "हो गं" म्हणायचे. आज मात्र तिच्याजवळ माझ्यामागे घडलेलं काहीतरी होतं, आणि ते माझ्यापर्यंत आणायला पुरतील एवढे शब्दही होते.

"मग काय झालं गं?" मी विचारलं. उत्तर खरोखर ठाऊक नसताना तिला विचारलेला हा माझा पहिलाच प्रश्न असावा.

"मग तो हसला." मग मान मागे वळवून, माझी समजूत घातल्यासारखं ती म्हणाली, "तू नव्हतीस ना तिथे, म्हणून सांगते."

घराचं वळण आलं होतं. मी स्कूटर सरळ पुढे नेली.