भाजीबरोबरचा कढीपत्ता

बेंगळुरातल्या बनशंकरीत राहणाऱ्या पद्मनाभ टेंब्यांना अळी म्हटलं की शिसारी यायची. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलेला माणूस. नटबोल्टाशी तासभर बोलेल, पण बायकोच्या कुंड्यांकडे ढुंकून बघणार नाही. आणि बायको, हेमलताबाई, त्यांचा सगळा जीव त्या कुंड्यांत! कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालून गेलं की बाईंची लगबग सुरू. अळ्या बरणीत घ्यायच्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं, रोज कोवळी पानं, रोज लेंड्या साफ. बाळंतिणीचंसुद्धा कुणी इतक्या निगुतीनं करत नसेल. "अहो, या ना, शिंगं काढतेय बघा," म्हणून हाका मारायच्या. टेंबे जागचे हलायचे नाहीत. फोडणीतलं पान किड्यांना कशाला, एवढंच त्यांचं यावर मत होतं.

यंदा हेमलताबाईंच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात न्यायला टॅक्सी दारात उभी, मुलगा अपूर्व व्हाइटफील्डहून ट्रॅफिकशी झगडत आलेला, बॅग डिकीत गेलेली, आणि बाईंचं लक्ष कशात? बरणीत! नवऱ्याचा हात धरून, धापा टाकत म्हणाल्या, "यांना उपाशी ठेवू नका हं. मला एक तरी उडताना बघायचंय."

डॉक्टरांनी टेंब्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की आता थोडे दिवस, ते घरीच काढा, ऑक्सिजनचं मशीन लावून. तेव्हा बाई घरी येतील आणि एक तरी फुलपाखरू त्यांच्यासमोर उडेल, एवढंच आता टेंब्यांच्या हातात उरलं होतं. एवढं तरी करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

मग काय विचारता! टेंब्यांनी अळ्या पाळायला घेतल्या त्या कारखान्याच्या शिस्तीत. डहाळी ताजी राहावी म्हणून औषधाच्या बाटलीत पाणी, अळी बुडू नये म्हणून तोंडाशी कापसाचा बोळा. पहिल्यांदा बोट लागलं तशी एका अळीनं डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढली, भपकन वास आला, आणि हा सहा फुटी गडी दचकून मागे सरला. मग एकटाच हसला. रोज इस्पितळात जाऊन वर्दी द्यायची, "खातायत गं बकासुरासारख्या. हिरव्यागार झाल्यात." मास्कआडून बाईंचे डोळे हसायचे. इतक्या वर्षांच्या संसारात टेंब्यांनी बायकोला इतकं बोलून दाखवलं नव्हतं.

बकासुरच त्या. कुंडीतली झाडं हां हां म्हणता बोडकी झाली. दुसऱ्या दिवशी हेमलताबाई घरी यायच्या होत्या. आता पानं आणायची कुठून? तेवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली. बेंगळुरात भाजी घेतली की भाजीवाला अण्णा वर कढीपत्ता न मागता टाकतो, ती इथली रीतच. टेंब्यांनी सांगितलं, "अण्णा, आज स्वल्प जास्ती." अण्णानं मोठी जुडी दिली. हिरवीकंच, टवटवीत, एका पानाला भोक नाही. घरच्या खुरट्या पानांपेक्षा कितीतरी देखणी. टेंब्यांनी ती द्राक्षं धुवावीत तशी मिठाच्या पाण्यात धुतली, पुसली, बरणीत भरली आणि समाधानानं जेवायला बसले.

पानाला भोक का नाही, हे त्या शहाण्या इंजिनिअरला सुचू नये? नाही सुचलं बुवा. ज्या पानाला कीड लागत नाही ते किड्याच्या पोटात गेलं तर काय होणार?

सकाळी बरणीत बघवेना. हिरवं ओकून अळ्या तळाशी आडव्या पडल्या होत्या. एक डहाळीला मागच्या पायांनी लोंबत होती, तिला बोट लावलं तर शिंगं निघाली नाहीत. टेंबे खुर्चीत बसले आणि हुंदका आला तसे रडले. शेजारच्या प्रेमाअक्का डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी पाहिलं. टेंब्यांना म्हणाल्या, "अण्णा, फुलपाखरं झाली, उडून गेली म्हणून सांगा. आजारी माणसाशी एवढं खोटं चालतं."

टेंब्यांना पटलं. बाई घरी आल्या, पलंगावर टेकल्या, मशीन घरघरू लागलं. खिडकीतल्या बरणीच्या रिकाम्या जागेकडे त्यांनी बघितलं, मग नवऱ्याकडे. टेंब्यांनी पाठ केलेलं वाक्य ओठांवर आणलं, पण ते बाहेर पडेना.

"मेल्या गं," ते म्हणाले. "सगळ्या मेल्या. मीच मारल्या."

बाई श्वास जमवून म्हणाल्या, "गाडीवरचा कढीपत्ता घातलात?"

"धुऊन घातला होता."

"धुऊन जात नाही ते फवारलेलं औषध." त्यांनी नवऱ्याचा हात थोपटला. "तुम्हाला बोलत नाही हो मी. माझ्याही अशाच मेल्या होत्या, पहिल्या वर्षी. जेवण गेलं नव्हतं मला. तुम्हाला सांगितलं होतं की सगळं, तेव्हा."

टेंबे आठवू लागले. पहिलं वर्ष म्हणजे कुठलं? आपण कुठे बसलो होतो, ही काय बोलत होती? खूप ताणूनही त्यांना काही म्हणता काही आठवेना. बायको जेवली नव्हती आणि आपल्याला पत्ता नाही! त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी खुर्ची ओढली, पलंगाला अगदी चिकटवली आणि तिच्या तोंडाजवळ कान नेला.

"परत सांग ना. काय झालं होतं तेव्हा? सगळं सांग. मी ऐकतोय."

हेमलताबाईंनी तोंड उघडलं. दोन शब्द आले, मग खोकला आला. मास्क त्यांनीच सरळ केला.

"आता नाही हो," त्या म्हणाल्या. "दम पुरत नाही."