शिट्टी होईपर्यंत

फोन आला तेव्हा मी दुपारच्या डब्यांवरची नावं तपासत होते. फोन सरांचा होता, म्हणजे देविदासच्या रग्बीच्या प्रशिक्षकांचा, आणि सर कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. सुरगाण्याहून नाशिकला येणारी जीप घाटात उलटली होती. बाकीच्यांना मार लागला होता, देविदास गेला होता. "ताई, ऐकताय ना?" असं ते दोनदा म्हणाले. मी ऐकत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या डब्यांची नावं तपासून घेतली, कारण पोरं डबे न्यायला यायची वेळ झाली होती आणि त्यांना उपाशी ठेवून काही बदलणार नव्हतं. देविदास त्या दिवशी परत यायचा होता, म्हणून त्याचाही डबा भरलेला होता. तेवढा एक बाजूला ठेवला... आणि मग ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिले.

आता महिना उलटून गेला आहे. मी काही लिहिणारी बाई नाही. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे, वरच्या मजल्यावर चार खोल्या भाड्याने आहेत, आणि भिंतीवर किराण्याची, डब्यांची नि कामांची अशा तीन याद्या असतात. त्यापलीकडे मी सहसा काही लिहीत नाही. पण देविदास भोये गेल्यावर जे छापून आलं त्यात ‘पाड्यावरचा पोरगा व्यावसायिक रग्बीपटू झाला’ एवढीच ओळ होती. खोटं काहीच नव्हतं. पण तो कसा झाला, ते मी जवळून पाहिलंय. ते नीट सांगायचं राहिलं, तर माझंच काम अपुरं राहिल्यासारखं वाटेल.

तो माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. सुरगाणा तालुक्यातला, घरी थोडी भातशेती नि नागली, आणि दिवाळी झाली की बाप जानूभाऊ गावातल्या मजुरांच्या तुकडीबरोबर द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचे. देविदास आश्रमशाळेत कबड्डी खेळलेला. अंगाने बारीक, पण वाकून पळायचा तेव्हा कुणाच्या हाताला लागायचा नाही. सरांनी त्याला कॉलेजच्या मैदानावर पाहिलं आणि रग्बीत ओढलं. पहिल्या दिवशी परत आला तो कोपर सोलून, आणि म्हणाला, "मावशी, चेंडूच सरळ नाय. कुठं उडंल, त्याचं त्यालाच ठाव नाय." मी हळद लावली आणि कोपर सोलायचंच असेल तर शर्ट तरी काढून खेळ म्हणून बजावलं, कारण शर्टाचे डाग निघत नव्हते.

दोन वर्षांत तो शहराच्या संघात आला, मग जिल्ह्याच्या. एव्हाना देशात रग्बीची व्यावसायिक लीग सुरू झाली होती. शहरांचे संघ, टीव्हीवर सामने, परदेशी खेळाडू. सर म्हणायचे, याला तिथे जाता येईल. पण कॉलेज संपत आलं होतं आणि घरात कमावता हात हवा होता. जानूभाऊ एकदा जीपने आले, अंगणात उकिडवे बसले, आणि माझ्यासमोरच मुलाला म्हणाले, "यंदाचं वरीस खेळ. निवड झाली तर आमची काय ना नाय. नाय झाली तर दिवाळीनंतर तुकडीसंगं चल." देविदासने मान हलवली. रागाचं काही नव्हतं त्यात. बोलणं झाल्यावर दोघं एका ताटात जेवले. पण त्या दिवसापासून तो प्रत्येक सामना त्या दिवाळीकडे बघत खेळला, हे मला ताट वाढताना दिसायचं.

दसऱ्याच्या आसपास नाशिकमध्येच एक मोठी स्पर्धा झाली. अंतिम सामन्याला लीगच्या एका संघाची माणसं निवडीसाठी येणार होती. मी संघासाठी डबे घेऊन गेले होते, खानावळीतली पोरं आली होती, आणि मुलाचा खेळ बघायला जानूभाऊ पहिल्यांदाच मैदानावर आले होते. शेवटची दोन मिनिटं उरली, आपला संघ थोडक्यात मागे. चेंडू देविदासकडे आला आणि तो कडेकडेने असा सुटला की मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. शेवटच्या रेषेच्या अलीकडे एकाने त्याचे पाय धरले. देविदास पडला, चेंडू डाव्या काखेत छातीशी घट्ट, आणि उजवा हात लांबवून त्याने रेषेला बोटं लावली. मग चेंडू सोडून उठला आणि दोन्ही हात वर केले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. जानूभाऊंनी टोपी उडवली. कबड्डीत चढाई करणारा पकडला गेला तरी मधल्या रेषेला हात लागला की सुटतो, हे आमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं... त्याच्या तर जास्तच. पण रग्बीत हात लावून भागत नाही. तिथे चेंडू रेषेवर किंवा पलीकडे जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हा गुण. समोरच्या पोराने सुटलेला चेंडू उचलला, लांब मारला, आणि शिट्टी झाली.

आम्ही टाळ्या वाजवतच होतो. देविदासचे हात खाली आलेले पहिल्यांदा जानूभाऊंना दिसले. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "रेषेला शिवला ना त्यो? धरला का नाय पॉइंट?"

"नाही धरला, भाऊ. चेंडू टेकवावा लागतो," मी म्हटलं. हे मलाही नुकतंच शेजारच्या माणसाकडून कळलं होतं.

"असं हाय का," एवढंच म्हणून ते टोपी शोधायला गेले.

निवड झाली नाही. खानावळीत पोरांना तर विषयच मिळाला. जो तो दारातून आत येताना उंबऱ्याला हात लावायचा आणि ओरडायचा, "पॉइंट!" पहिले दोन दिवस देविदासही हसला. तिसऱ्या दिवशी ताट तसंच ठेवून उठला. मी त्याला परत बसवलं. जेवण टाकून चूक दुरुस्त होत नाही, चूक कशाने झाली ते शोध आणि त्यावर काम कर, असं सांगितलं. त्याने ताट संपवलं. दिवाळी झाली आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तो बापाबरोबर बागेच्या कामाला गेला. खोली मी कुणाला दिली नाही. त्यात भावनेचा भाग नव्हता, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते.

माझे कांदे विंचूरच्या बाजारातून येतात. हंगाम ऐन भरात असताना एकदा तिकडे गेले होते, तर वाट वाकडी करून त्यांच्या तुकडीच्या बागेवर गेले. तोडणी चालू होती. बायका घड कापून क्रेटमध्ये भरत होत्या आणि देविदास क्रेट उचलून कडेच्या झाडाखाली लावत होता. प्रत्येक क्रेट ठेवताना तो गुडघ्यात वाकायचा, दोन्ही हातांनी ती जमिनीला लावायचा, वरून तळवे दाबून क्षणभर थांबायचा, आणि मगच उठायचा. एक बाई मला म्हणाली, "ह्याला क्रेटचा लळा लागलाय. झोपवून येतो एकेकीला." मुकादम आधी ओरडला होता म्हणे, पण देविदासच्या क्रेटमधला मणीसुद्धा फुटत नाही हे दिसल्यावर गप्प झाला. मी जवळ जाऊन विचारलं, हे काय चाललंय. तो घाम पुसत म्हणाला, "टेकवतोय, मावशी. दिसभरात जेवढं ठेवायचं तेवढं टेकवून. हाताला सवय लागली पायजे, डोक्याचा काय भरवसा नाय."

हे मी परत येऊन सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी ओळखीने लीगच्या एका संघाच्या निवड शिबिरात त्याला जागा मिळवली. अडचण एकच होती. शिबिर लगेच होतं आणि तोडणी संपायला अवकाश होता. मधेच एक माणूस सोडायला मुकादम तयार नव्हता, आणि बापाला दिलेला शब्द मोडायला देविदास तयार नव्हता. सर आणि मी दोघंही बागेवर गेलो. मी बोलायचे मुद्दे मनात लावून गेले होते, त्यातला एकही काढावा लागला नाही. जानूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं, मग मुकादमाला म्हणाले, "त्याच्या वाटची क्रेटं मी उचलीन. त्याला जाऊ द्या." आणि मुलाकडे न बघता पुढच्या वेलीखाली वाकले. देविदास त्याच संध्याकाळी आमच्याबरोबर नाशिकला आला.

शिबिरातून त्याची निवड झाली. करार झाला, संघाचे कपडे मिळाले, फिजीहून आलेल्या धिप्पाड खेळाडूबरोबर एका खोलीत राहणं झालं. त्याला देविदासने म्हणे बाजरीची भाकरी कशी कुस्करायची ते शिकवलं. सामने ऐन उन्हाळ्यात होते. आम्ही खानावळीतली टेबलं भिंतीला लावून टीव्हीसमोर बसायचो. पहिले दोन सामने तो बाकावरच होता. तिसऱ्यात शेवटच्या टप्प्यात उतरला, चेंडू मिळाला आणि तीच कडेची धाव. या वेळी मागे कुणी पोचलंच नाही. रेषा ओलांडून तो मोकळा होता, चालत जाऊन चेंडू ठेवला असता तरी चाललं असतं. पण तो गुडघ्यावर आला, दोन्ही हातांनी चेंडू जमिनीला दाबला, वर छाती टाकली आणि तसाच राहिला. पंचांनी शिट्टी वाजवली, हात वर केला, तरी क्षणभर उठला नाही. समालोचकाला हसू आलं. आमच्या इथे मात्र, उंबऱ्याला हात लावून चिडवणारी तीच पोरं बाकांवर चढून ओरडत होती, "टेकवला! टेकवला!"

थोड्या वेळाने जानूभाऊंचा फोन आला. पाड्यावर रेंज नाही, म्हणून ते जीपच्या थांब्यावर येऊन कुणाच्या तरी मोबाईलवर सामना बघत होते. "पाह्यलं ना ताई?" एवढंच म्हणाले, फोन मात्र ठेवला नाही. मागे जीपवाल्यांचा गलका ऐकू येत होता... मीही फोन तसाच कानाला धरून ठेवला.

हंगाम संपवून तो परत आला तेव्हा मी विचारलं, एवढा वेळ काय झोपला होतास तिथे? तर म्हणाला, "शिट्टी होईपर्यंत हात काढायचा नाय, मावशी. एकदा फसलोय." ही सवय घरातही होती. दुधाची पिशवी, कुकर, पाण्याचा जार, सगळं असंच दोन हातांनी टेकवून ठेवायचा. हळूहळू माझ्या पोळ्या करणाऱ्या बायकाही डबे तसेच ठेवायला लागल्या. पुढच्या हंगामासाठी संघाने त्याला पुन्हा बोलावलं होतं. त्याआधी भात कापायला घरी जाऊन येतो म्हणाला. भात कापून झालं होतं. येतानाच...

गेल्या आठवड्यात जानूभाऊ त्याचं सामान न्यायला आले. मी सगळं नीट बांधून ठेवलं होतं. बूट, संघाचे कपडे, प्रमाणपत्रं, आणि त्याचा सरावाचा चेंडू. त्यांनी बाकी सगळं घेतलं. चेंडू मात्र हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "हा हितंच राहू द्या. तिकडं कोण खेळणार." खोलीच्या दारामागे तो नेहमी असायचा तिथे ठेवायला ते वाकले. पण तो चेंडू लंबगोल, ठेवला की कलंडतो. दोनदा कलंडला. तिसऱ्यांदा जानूभाऊ गुडघ्यावर बसले, दोन्ही तळव्यांनी त्यांनी तो फरशीवर दाबून धरला आणि तसेच थांबले. मी दारात उभी होते. खालून पोरांच्या ताटांचे आवाज येत होते. बऱ्याच वेळाने, हात न काढता, त्यांनी मान वर केली.

"धरला ना, ताई?"

"धरला, भाऊ," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी हात काढले. चेंडू जागचा हलला नाही.