आईच्या डाव्या हातातली थरथर

ऐंशीच्या दशकात डायलिसिससाठी आम्हाला गोंडपिपरीहून एसटीने नागपूर गाठावं लागे. डॉक्टरांनी आईच्या डाव्या मनगटाजवळ शीर धमनीला जोडली होती. सुई त्याच हातात लागायची. जोडावर बोट ठेवलं की थरथर जाणवे. दाब पडून ती थांबली तर डायलिसिसही थांबणार, म्हणून त्या हातात बांगडी चालत नसे.

ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याला ते पाहवेना. "नवरा जिता असून हात रिकामा? लोकं काय म्हणतीन वं वयनी?" असं म्हणत तिने कासाराकडून घट्ट हिरवा चुडा भरवला. सकाळी हात सुजला होता. मी बोट ठेवलं, तर थरथर जेमतेम लागत होती.

पण लग्नघरात सवाष्णीच्या बांगड्या फोडणार कोण? आत्याच पुढे आली. "मले पाप लागलं त लागू दे," म्हणत तिने फडक्यात धरून एकेक बांगडी फोडली. दुपारी थरथर परतली.

मांडवात आईने डाव्या हाताच्या वाट्याच्या नव्या बांगड्याही उजव्या हातातच घातल्या होत्या. "वयनी, तुह्या एकाच हाताचा आवाज साऱ्या मांडवात आहे!" आत्या हसली.

दोन दिवसांनी नागपुरात सुई त्याच डाव्या हातात लागली.